बाटलीतल्या केळीला संजीवक कशाला?

सत्तरी-पेडण्याहून येणारे बागायतदार आमचं टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं, केळीचं रोप हातात घेतात आणि पहिलं विचारतात, "ह्याला हार्मोन मारलाय म्हणे. घड खाल्लेला चालेल ना?" चालेल. का, ते सांगतो.

केळीच्या कंदातला मधला कोंब बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, म्हणून कुळागरात (बागायतीत) एका केळीला मोजकीच पिल्लं येतात. हा दाब ऑक्सिन ह्या संजीवकाचा, म्हणजे हार्मोनचा. ते झाड स्वतःच शेंड्यात तयार करतं. आम्ही कोंबाचा गाभा काढून बाटलीत ठेवतो आणि त्याला वाढवणाऱ्या पोषक माध्यमात बीएपी घालतो. हे सायटोकायनिन गटातलं, कोंब फुटवणारं संजीवक. दाब सुटतो, निजलेले डोळे जागे होतात, एका कोंबाचे अनेक होतात. पुरेसे झाले की बीएपी बंद, मुळांसाठी थोडं ऑक्सिन.

हे बीएपी पडतं तरी किती? एक लिटर माध्यमात साखर 30 ग्रॅम पडते आणि बीएपी जेमतेम 3 ते 5 मिलिग्रॅम. वर्षभराने येणाऱ्या घडात त्यातलं काय उरणार?

खरा खेळ प्रमाणाचा. स्कूग आणि मिलर ह्या शास्त्रज्ञांनी 1957 साली तंबाखूच्या गाभ्यावर तो दाखवला: ऑक्सिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन जास्त तर कोंब, दोन्ही तोलात असली की नुसता पेशींचा गोळा. त्याच्याही आधी, 1941 मध्ये, धोतऱ्याचे कोवळे भ्रूण वाढवायला नारळाचं पाणी वापरलं होतं. त्यात सायटोकायनिन असतं. म्हणजे आडसर (शहाळं) पिणाऱ्या गोंयकाराला हे संजीवक काही नवं नाही!

धोका आहे तो हावरेपणाचा. बीएपी वाढवून, पुन्हापुन्हा कोंब तोडून रोपं स्वस्त पाडता येतात. पण मग खुजी, पट्टेरी पानांची रोपं निघू लागतात. आम्ही कोंब तोडून वाढवण्याच्या आठ फेऱ्यांवर थांबतो. आमचा दर दोन रुपये जास्त का, याचं उत्तर हेच.

रोप नेल्यावर त्याला मुळं फुटायची पावडर लावू नका. जास्त झालेलं ऑक्सिन मूळ खुंटवतं. तणनाशक टू-फोर-डी हेसुद्धा ऑक्सिनच्याच जातीचं, आणि रोगट केळी मारायला ते टोचतात. तेव्हा त्या फवाऱ्याचा पंप ह्या रोपांजवळ नेऊच नका.

लावणीनंतर एखादं रोप बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसलं, तर उपटून इथे घेऊन या. बदलून देऊ.