मल्टी आणि इंटर: एकाच जीपमध्ये बसले म्हणून आंतरशाखीय झालं का?

आजकाल कुठल्याही प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मल्टीडिसिप्लिनरी नाहीतर इंटरडिसिप्लिनरी असतंच, आणि दोन्ही एकच समजून वापरून राहिले लोक. मराठीत बहुविद्याशाखीय आणि आंतरविद्याशाखीय, ते तर तोंडातच बसत नाही. पण जंगल किंवा जुनी वास्तू जपायची असेल तर हा फरक नुसता शब्दांचा नाही.

काही वर्षांपूर्वी नागपूरजवळच्या एका जुन्या दगडी वास्तूवर आम्ही पाच जण गेलो होतो. नाव राहू द्या. भिंतीत पिंपळ घुसलेला. बॉटनीच्या मॅडमनी लिहिलं की नुसता वरून छाटला तर परत फुटतो, मुळापासून काढा. इंजिनिअरनं भेगा मोजल्या आणि सिमेंटनं भरा म्हणाला. वटवाघळांवर काम करणाऱ्या पोरानं मागच्या खोलीतल्या वटवाघळांवर दोन पानं दिली, इतिहासवाल्या सरांनी काळ ठरवला, मी फोटो काढले, आणि सगळं स्पायरल बाइंडिंग करून एका फाइलीत. हे झालं मल्टी. प्रत्येकाचं आपापल्या जागी ठीकच होतं, पण चुन्यात बांधलेल्या भिंतीत सिमेंट भरलं की ओल आत अडकते आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात हे इंजिनिअरला कोणी सांगितलं नाही, आणि पिंपळाचं मूळ कधी कधी तेच दगड धरून बसलेलं असतं, ओढून काढायचं नसतं, हे मॅडमना माहीत असायचं काही कारण नव्हतं. काम सुरू झालं आणि मुळासोबत भिंतीचा कोपराच खाली आला. वटवाघळांची दोन पानं तर कोणी उघडलीच नाहीत.

इंटरमध्ये प्रश्नच एक असतो. भिंत न पाडता पिंपळ कसा काढायचा? याचं उत्तर एकट्या मॅडमकडेही नाही अन् एकट्या इंजिनिअरकडेही नाही, दोघांनी एकमेकांचं खोडत खोडत ते काढायचं, आणि मग पोरगा म्हणणार की वटवाघळांची पिल्लं लहान असताना कामासाठी परांची बांधू नका, की सगळं वेळापत्रकच बदललं.

मोठं उदाहरण आपल्या पेंचमधून जाणारा हायवे, आताचा ४४ नंबर, जुना ७. चौपदरीकरणावरून वाद झाला, प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेलं, आणि डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेनं जनावरं कुठून रस्ता ओलांडतात त्यावरून पूल कुठे हवेत ते सांगितलं. शेवटी महाराष्ट्राच्या बाजूला जनावरांना खालून जायला ९ पूल झाले, सगळ्यात लांब ७५० मीटरचा. गोडीगुलाबीनं काही झालं नाही हां, चांगली खेचाखेच झाली. पण वाघाच्या वाटेनं रस्त्याचं ड्रॉइंग बदललं, माझ्या लेखी तीच खरी खूण. २०१९ मध्ये पुलाखाली कॅमेरे लावले तर १८ जातींचे वन्यप्राणी दिसले, त्यात वाघसुद्धा.

म्हणून मल्टी म्हणजे कमी दर्जाचं असं नाही. रामटेकजवळ नगरधनला पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं, तिथे वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. ब्राह्मी वाचणाऱ्यानं अक्षरं वाचावी, हाडं ओळखणाऱ्यानं गाय की बकरी ते सांगावं, अशा कामात रोज एकमेकांच्या डोक्यावर बसायची गरज नसते. गाव कसं जगत होतं असं विचारलं की मात्र मुद्रा आणि हाडं एका टेबलावर आणावीच लागतात.

आणि इंटर महाग पडतं, कारण सुरुवातीचा वेळ भाषेतच जातो. एका मीटिंगमध्ये मी 'कोअर' शब्दावरून अर्धा तास वाद ऐकलाय. फॉरेस्टवाल्यांसाठी कोअर म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा आतला भाग, सिव्हिलवाल्यासाठी ड्रिलनं काढलेला काँक्रीटचा नमुना, आणि तो बिचारा सारखा विचारत होता की कोअरमध्ये माणसांना जायला बंदी म्हणजे काय.