विखुरलेल्या वाचनाची किंमत ४ का धरतात?

डेटाबेसमधली माहिती कुठल्या वाटेने काढायची हे ठरवणारा भाग म्हणजे प्लॅनर. त्याने वाचनाची किंमत पानांत, म्हणजे डिस्कवरच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, मोजायची ही रीत १९७९ पासूनची. डेटाबेस अनेक मशीनवर पसरला तेव्हा सुरुवातीच्या मॉडेलांचा सगळा भर नेटवर्कवरच्या निरोपांवर होता आणि डिस्क जवळपास फुकट धरलेली असे. १९८६ मध्ये प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा नोडवरच्या, म्हणजे एकेका मशीनवरच्या, कामाचा वाटाही मोठा निघाला.

खरा वाद पोस्टग्रेस या डेटाबेसच्या 'रँडम पेज कॉस्ट' या सेटिंगचा. सलग वाचलेल्या पानाची किंमत १, इथून-तिथून विखुरलेल्याची ४. मिनिटाला ७२०० फेरे (आरपीएम) घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्याला ४ मिलिसेकंद लागतात, वाचणारं हेड सरकायला ८-९. सलग वाचनात तेच ८ केबीचं पान मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात येतं. फरक शंभर पटींच्या पुढे, मग ४ कसे? विखुरलेलं वाचन ४० पट महाग, पण १० पैकी ९ पानं कॅशमध्येच, म्हणजे आधीच मेमरीत, सापडतील, असा तो हिशेब आहे. म्हणजे ४ मध्ये डिस्कपेक्षा कॅशचाच अंदाज जास्त. फिरते भाग नसलेल्या एसएसडी डिस्क आल्यावर 'सरसकट १.१ करा' हा सल्ला रूढ झाला. एका मशीनवर तो खपून जातो. सगळ्या नोडना तोच आकडा लावणं मात्र चूकच, कारण प्रत्येक नोडची कॅश वेगळी.

समजा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या ऊसवजनाच्या नोंदी तालुकावार शार्ड केल्या आहेत, म्हणजे वेगवेगळ्या नोडवर वाटल्या आहेत. पंधरवड्याच्या बिलासाठी शिरोळच्या नोडवरची १०,००० विखुरलेली पानं हवीत आणि टेबल ३०,००० पानांचं आहे. सीपीयूचा खर्च सोडला, तर ४ ने इंडेक्सची (सूचीवरून फक्त हवी ती पानं वाचण्याची) किंमत ४०,००० होते, म्हणून प्लॅनर ३०,००० किमतीत अख्खं टेबल सलग वाचतो. १.१ ने ती ११,००० होते आणि इंडेक्स निवडला जातो. गळीत हंगामात कॅश भरलेली असते, तोवर हे बरोबरच. पण मूळ नोड बंद पडल्याने फेल-ओव्हर होऊन रिकाम्या कॅशची रेप्लिका (राखीव प्रत) पुढे आली आणि पैसे वाचवायला तिला फिरती डिस्क दिलेली असली, तर १०,००० पानांना १२ मिलिसेकंदांप्रमाणे दोन मिनिटं लागतात. अख्खं टेबल २४० एमबीचं. सेकंदाला १०० एमबीने ते अडीच सेकंदांत वाचून झालं असतं. प्लॅनरच्या लेखी किंमत तीच, ११,०००.

हा आकडा नोडवार, आणि ९.० आवृत्तीपासून टेबलस्पेसवारही (टेबलं ठेवायच्या डिस्कवरच्या जागेनुसार), वेगळा ठेवता येतो. तो ठरवताना प्लॅन दाखवणाऱ्या 'एक्सप्लेन' कमांडमध्ये 'बफर्स' हा पर्याय लावून 'हिट' (पोस्टग्रेसच्या कॅशमध्ये सापडलेली पानं) आणि 'रीड' (बाहेरून आणलेली) बघतात, पण 'रीड' म्हणजे डिस्कच असं नाही. पान ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशमधूनही आलेलं असतं. त्यासाठी 'ट्रॅक आयओ टायमिंग' हे सेटिंग चालू करून वाचनाला लागलेला वेळ बघावा.