पाकिस्तानचा १४ ऑगस्ट आणि अर्ध्या तासाचा हिशेब
दर ऑगस्टमध्ये फिरणारा मेसेज: ‘कराचीचं घड्याळ दिल्लीच्या अर्धा तास मागे. दिल्लीत १५ तारीख लागली तेव्हा तिथे १४च होती, म्हणून पाकिस्तानचा स्वातंत्र्यदिन १४ ऑगस्ट.’

हिशेब पटण्यासारखा आहे. पण १९४७ साली हा फरकच नव्हता. कराचीची वेळ अर्ध्या तासाने मागे घेतली गेली ती १९५१ मध्ये.

आता कायदा बघा. भारतीय स्वातंत्र्य कायदा, १९४७ चं पहिलंच कलम दोन्ही देशांना एकच तारीख देतं: १५ ऑगस्ट. ब्रिटिश सरकारच्या कायद्यांच्या संकेतस्थळावर तो फुकट वाचता येतो. त्याहून बोलका पुरावा टपाल तिकिटांचा. जुलै १९४८ मध्ये निघालेल्या पाकिस्तानच्या पहिल्या स्मारक तिकिटांवर ‘१५ ऑगस्ट १९४७’ असंच छापलंय. तिकिटांच्या कोणत्याही चांगल्या कॅटलॉगमध्ये त्यांचं चित्र सापडेल.

मग १४ आली कुठून? व्हाइसरॉयना कराची आणि दिल्ली, दोन्हीकडचे समारंभ गाठायचे होते. कराचीतला १४ ऑगस्टलाच पार पडला. १९४८ पासून पाकिस्तानात हाच दिवस पाळतात. आता त्या दिवशी इस्लामाबादेत ३१ तोफांची, प्रांतांच्या राजधान्यांत २१ तोफांची सलामी, मग ध्वजारोहण.