मालवाहू अवकाशयान (विज्ञानकथेतील)

मालवाहू अवकाशयान (विज्ञानकथेतील) : ग्रह, लघुग्रह आणि अवकाशस्थानके यांच्यात माल नेणारे कल्पित यान व त्या मालाच्या चढउताराची व्यवस्था. कप्तान, दलाल, हमाल आणि चोरटा व्यापारी यांना एका छताखाली आणणारी ही कथेतली हक्काची जागा. तरी तिची रचना बहुधा घाईत उरकली जाते. लेखक इंजिनापासून सुरुवात करतो आणि माल शेवटी कुठेतरी कोंबतो. सुरुवात मालापासून व्हायला हवी : काय न्यायचे, किती, कुणासाठी आणि त्याला वाटेत किती दिवस काढता येतील. एवढे ठरले की यानाचा आकार बराचसा ठरतो.

समुद्रावर हेच घडले. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर घेऊन निघाले. त्यामागचा माणूस, माल्कम मॅक्लीन, ट्रकवाहतूकदार होता. तोवर पोती, पिंपे, खोकी एकेक करून चढवली जात आणि जहाजाचे कितीतरी दिवस धक्क्यालाच जात. मॅक्लीनने पेटी बदलली. मग पेटीसाठी जहाज, क्रेन आणि बंदर बदलले. वीस फुटी कंटेनरच्या आठही कोपऱ्यांत पोलादी ओतीव ठोकळे असतात आणि त्यांच्या भोकांत फिरवून अडकवायचे कुलूप बसते. जगभरच्या क्रेन, ट्रक आणि रेल्वेच्या वाघिणी याच कोपऱ्यांवर चालतात. म्हणून कल्पित जगातही आधी पेटी आणि तिचा कोपरा ठरवावा. दोन ग्रहांचे कोपरे जुळत नसतील, तर मधल्या स्थानकावर माल उतरवून पुन्हा भरणाऱ्यांची अख्खी वस्ती उभी राहते, आणि मापे एक झाली की ती ओस पडते. १९८९ मध्ये न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यावर कंटेनरचा धंदा मुंबईच्या जुन्या गोदीतून खाडीपलीकडे गेला. त्या बदलात कथेला पुरेल एवढे मानवी नाट्य आहे.

अवकाशात जागेपेक्षा वस्तुमान महाग पडते. यानाचा वेग आणि त्यासाठी लागणारे इंधन यांचा संबंध सांगणारे, कॉन्स्टान्टिन त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ मध्ये मांडलेले समीकरण इथे हिशेबनिसाचे काम करते. माल धरून रिकाम्या यानाचे वस्तुमान ५०० टन, इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग सेकंदाला ४.५ किमी (हायड्रोजन-ऑक्सिजन इंजिनाला हा जमतो) आणि यानाला वेगही तेवढाच गाठायचा असेल, तर सुमारे ८६० टन इंधन जाळावे लागते. मुक्कामी थांबण्यासाठी वेग तेवढाच कमी करायचा असेल, तर एकूण इंधन सुमारे ३,२०० टनांवर जाते. निघताना कप्तानाने गुपचूप चढवलेला एक टनसुद्धा या हिशेबात दिसतोच. चोरट्या मालाची कथा लिहिणाऱ्याने ही अडचण टाळू नये. कथेला ताण इथूनच मिळतो. आयन इंजिन, म्हणजे विद्युतभारित कण मागे फेकून चालणारे इंजिन, इंधन फार थोडे खाते, पण त्याचा रेटा इतका क्षीण की वेग घ्यायला महिने लागतात. धातुक आणि बर्फ अशा यानांवर चालेल, औषधे आणि माणसे नाहीत.

मांडणीचा नियमही समुद्रापेक्षा वेगळा आहे. इंजिन चालू असताना ‘खाली’ म्हणजे इंजिनाकडे, त्यामुळे मजले उंच इमारतीसारखे एकावर एक यायला हवेत आणि पेट्यांचे बंध त्या दिशेचा भार सोसणारे हवेत. रेट्याची रेषा यानाच्या वस्तुमानमध्यातून गेली नाही तर यान गरगरू लागते, म्हणून अर्धा माल उतरवल्यावर उरलेला नव्याने लावावा लागतो. सौर वादळाच्या वेळी पाण्याच्या टाक्या आणि धान्य खलाशांच्या कोठडीभोवती रचले तर तोच माल प्रारणापासून आडोसा देतो.

सर्वांत जास्त चुका होतात त्या चढउताराच्या प्रसंगांत. वजन नाहीसे झाले तरी जडत्व राहते. २० टनांची पेटी सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालण्यापेक्षाही कमी वेगाने सरकते आहे असे धरू. पाय भक्कम रोवून २०० न्यूटन जोर लावणाऱ्या हमालाला ती थोपवायला ५० सेकंद लागतील आणि तोवर ती साडेबारा मीटर पुढे गेलेली असेल. मागे भिंत तीन मीटरवर असेल, तर तो चिरडला जाईल. म्हणून असे काम दोर, रूळ आणि यांत्रिक हात यांचे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ‘सिग्नस’सारखी मालवाहू याने १७.६ मीटर लांबीचा ‘कॅनडार्म-२’ हा यांत्रिक हात पकडतो आणि दाराशी जोडतो. असे जोडलेले चौकोनी दार सुमारे १.२७ मीटर रुंद असते. स्वतःहून येऊन जोडल्या जाणाऱ्या यानाचे गोल दार सुमारे ८० सेंमी. कुठले यंत्र आत जाईल हे या फरकावर ठरते. रिकामे झालेले ‘सिग्नस’ कचरा भरून सोडले जाते आणि वातावरणात जळून जाते. परतीचा माल नसलेल्या मार्गाचे हे खरेखुरे चित्र.

अपघाताचा नमुना हवा असेल तर ‘मीर’ या रशियन अवकाशस्थानकाचा अभ्यास करावा. २५ जून १९९७ रोजी दूरनियंत्रणाने जोडणीचा सराव चालू असताना सुमारे सात टनांचे ‘प्रोग्रेस’ हे मालवाहू यान स्थानकावर आदळले आणि ‘स्पेक्टर’ कक्षाला भोक पडून हवा गळू लागली. तो कक्ष बंद करायचा, तर दारातूनच केबल गेलेल्या. त्या सोडवून, कापून मगच झाकण बसवता आले. दारातून केबल ओढू नये, हा नियम कुठल्याही कल्पित गोदीत भिंतीवर लिहिलेला असावा.

फिरत्या स्थानकात माल मध्यावर उतरवणे सोयीचे. १०० मीटर त्रिज्येच्या चक्राने मिनिटाला सुमारे तीन फेरे घेतले तर कडेला पृथ्वीइतके वजन जाणवते, पण कडेचा वेग ताशी ११० किमीच्या वर असतो. मध्यावरून कडेकडे जाणाऱ्या पेटीला लिफ्टच्या भिंतीने तो वेग द्यावा लागतो आणि त्यात स्थानकाचे फिरणे किंचित मंदावते. एकाच बाजूला माल साठला तर चक्र डगमगते. समोरच्या टाकीत पाणी सोडून तोल सांभाळावा लागतो. गोदीतला तोलमापारी हे पात्र अजून फारसे कुणी वापरलेले नाही आणि ते वापरण्यासारखे आहे.

वेळापत्रक ग्रहांच्या हाती असते. पृथ्वीहून मंगळाकडे कमी इंधनात जाण्याची संधी सुमारे २६ महिन्यांनी येते आणि प्रवासाला साधारण नऊ महिने लागतात. संधी चुकलेला माल दोन वर्षे गोदामात पडतो. त्यावर गोदामाचे भाडे चढते, व्याज चढते, टंचाईचे भाव येतात, आणि पुढच्या हंगामाचे सौदे आधीच होऊन जातात. जुन्या सागरी कायद्यात संकटसमयी जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात टाकला, तर ते नुकसान जहाजमालक आणि सर्व मालधनी मिळून सोसतात. हाच नियम अवकाशात आणला तर कुणाची पेटी सोडायची यावरून खटला उभा राहतो, आणि सोडलेली पेटी मात्र बुडत नाही. ती सूर्याभोवती फिरत राहते आणि तिची कक्षा कुणीही मोजू शकतो.