विचाराची उलटतपासणी

एकोणीस वर्षांच्या अल्बर्ट एलिस यांना मुलींशी बोलायची जबर धास्ती वाटे. त्यांनी स्वतःलाच गृहपाठ दिला: न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकावर एकटी बाई दिसली की शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला लागायचं. पुढे ते हिशेब सांगत, 130 जणी. त्यांतल्या 30 लगेच उठून गेल्या, 100 जणींशी गप्पा झाल्या, भेटायला यायचं एकीनेच कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आणि धास्ती मात्र गेली.

हेच एलिस पुढे मानसशास्त्रज्ञ झाले. मनोविश्लेषणाला कंटाळून 1955 मध्ये त्यांनी स्वतःची उपचारपद्धती सुरू केली. तिचा पाया त्यांनी उचलला तो गुलामीत जन्मलेल्या एपिक्टेटस या प्राचीन स्टोइक (विवेकाने मन स्थिर ठेवायला सांगणाऱ्या पंथाच्या) तत्त्वज्ञाकडून: माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेकडे पाहण्याची त्याची दृष्टी करते. मराठीत ही विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती रुजवली ती कि. मो. फडके यांनी.

समजा, नोकरी गेलेला माणूस म्हणतो, ‘मी कुचकामी आहे, सगळे मला हसत असणार.’ घरचे धीर देतील. 1960 च्या दशकात फिलाडेल्फियात बोधात्मक उपचार, म्हणजे विचार तपासून भावना बदलण्याची पद्धत, उभे करणारे मनोविकारतज्ज्ञ आरन बेक विचारतील, ‘हसतात याचा पुरावा काय? दुसरा काही अर्थ निघतो का?’ एलिस त्याच्याही पुढे जात. घटकाभर धरून चालू, खरंच सगळे हसतात. मग? चार लोकांच्या हसण्यावरून अख्खा माणूस कुचकामी ठरतो, हा कुठला तर्क? लोकांनी मान द्यावा ही इच्छा रास्तच. तो दिलाच पाहिजे, असा नियम जगात कुठे आहे? आणि हे धरून बसल्याने दुसरी नोकरी शोधायला मदत होते का? मला एलिस यांचा हा मार्ग अधिक मुळाशी जाणारा वाटतो, कारण पुरावा विरोधात गेला तरी माणूस कोसळत नाही.

याला सकारात्मक विचार म्हणणं चूक. नोकरी गेल्याचं दुःख इथे खोडून काढायचं नसतं. खिन्नता आणि चिंता साहजिकच आहेत. खोडायचा असतो तो स्वतःवर मारलेला शिक्का. एलिस स्वतः फटकळ होते, शिव्याही देत. ते कुणी गिरवू नये. उपचारक वाद जिंकायला बसला की समोरचा मान डोलावतो आणि घरी जाऊन तसाच कुढतो. म्हणून तर गृहपाठ. उदाहरणार्थ, लाजेची भीती मोडायला भुयारी रेल्वेत पुढच्या स्टेशनचं नाव मोठ्याने ओरडायचं, लोक बघतील ते बघू द्यायचं.

तीव्र नैराश्यात किंवा भ्रम होत असताना नुसत्या प्रश्नांवर विसंबता येत नाही, औषधं लागू शकतात. आणि घरात मार खाणाऱ्या बाईच्या विचारांची तपासणी आधी करू नये. आधी तिला सुरक्षित जागा हवी.