रुबिडियमची लहर घरभर नेताना

मनगटावरचे साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकाठी १०-१५ सेकंद पुढेमागे झाले, तरी कोणाचे काही अडत नाही. मात्र १० गिगाहर्ट्झवरचे संदेश ऐकू पाहणाऱ्या हौशी रेडिओचालकाचा, वारंवारता ठरवणारा स्फटिक दहा लाखांत एक भाग जरी चुकला, तरी त्याचा रिसीव्हर १० किलोहर्ट्झने बाजूला लागतो, आणि बोलण्याची पट्टी जेमतेम ३ किलोहर्ट्झ रुंद असल्याने हवा तो आवाज सापडतच नाही. २०१८ साली प्रक्षेपित झालेल्या एस-हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर हौशी रेडिओचालकांसाठी खास सोय आहे आणि पश्चिमेकडे रोखलेल्या डिशने तो महाराष्ट्रातूनही ऐकता येतो. अशा कामासाठी पुष्कळजण दूरसंचार केंद्रांतून सेवामुक्त झालेले रुबिडियम मॉड्यूल, म्हणजे रुबिडियम अणूंच्या आधारे अचूक वारंवारता देणारे छोटे उपकरण, मिळवतात आणि त्याची १० मेगाहर्ट्झची लहर घरातल्या सगळ्या उपकरणांना पुरवतात.

या मॉड्यूलच्या आत जे घडते ते मला आजही विलक्षण वाटते. रुबिडियम-८७ या समस्थानिकाच्या अणूला सर्वांत खालच्या अवस्थेतही दोन अगदी जवळजवळच्या ऊर्जापातळ्या असतात आणि त्यांतील अंतराशी जुळणारी सूक्ष्मलहर सेकंदाला सुमारे ६,८३,४६,८२,६१० वेळा आंदोलते. रुबिडियमच्याच वाफेचा एक छोटा दिवा प्रकाश देतो. त्यातला नको असलेला घटक रुबिडियम-८५ची वाफ शोषून घेते, आणि उरलेला प्रकाश काचेच्या कुपीतील रुबिडियम-८७च्या अणूंना खालच्या पातळीवरून उचलून वरच्या पातळीत जमा करतो. खालची पातळी अशी रिकामी होत गेली की प्रकाश शोषणारे अणू कमी होतात आणि कुपी अधिक पारदर्शक बनते. त्याच वेळी अचूक वारंवारतेची सूक्ष्मलहर कुपीत सोडली तर अणू पुन्हा खाली उतरतात, प्रकाश शोषू लागतात आणि पलीकडच्या प्रकाशसंवेदकाला उजेड किंचित मंदावलेला दिसतो. ही सूक्ष्मलहर आतल्या स्फटिक दोलकापासूनच तयार केलेली असते. तिची वारंवारता थोडी मागेपुढे झुलवून इलेक्ट्रॉनिक मंडल त्या मंदावण्याचा नेमका तळ शोधते आणि स्फटिकाला तेथे धरून ठेवते. रुबिडियम-८७ अत्यल्प किरणोत्सारी आहे हे खरे, पण त्याचा अर्धायुकाल विश्वाच्या वयाच्या तिप्पटीहून अधिक आहे आणि घड्याळाच्या कामात त्या ऱ्हासाचा काहीच संबंध नसतो, त्यामुळे त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

मॉड्यूल चालवणे फारसे अवघड नसते. बऱ्याच जुन्या मॉड्यूलना २४ व्होल्ट लागतात. दिवा आणि कुपी तापेपर्यंत ती अधिक विद्युतप्रवाह ओढतात, मग काही मिनिटांत ‘लॉक’ झाल्याचा, म्हणजे स्फटिक अणूच्या वारंवारतेवर स्थिरावल्याचा, संकेत देतात. तळपट्टी मात्र उष्णता वाहून नेणाऱ्या जाड ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर घट्ट बसवावी, कारण उष्णता साचली की दिव्याचे आयुष्य घटते.

माझ्या मते अशा घरगुती मानकाची, म्हणजे इतरांनी ज्याच्याशी जुळवून घ्यायचे त्या लहरीची, खरी कसोटी यापुढे लागते. मॉड्यूलला बाहेर जाणारी वाट बहुधा एकच असते, आणि काउंटर, सिग्नल जनरेटर, रिसीव्हर अशी तीन-चार उपकरणे तरी रांगेत असतात. टी-कनेक्टर लावून तार फोडली तर ५० ओहमचे दोन भार समांतर येऊन २५ ओहम होतात, व्होल्टेज एक तृतीयांशाने उतरते, लहरीचा काही भाग उलटा परततो, आणि एखादे उपकरण काढले की उरलेल्यांकडे जाणाऱ्या लहरीची कला (फेज, म्हणजे आवर्तनातले तिचे क्षणोक्षणीचे स्थान) बदलते. १० मेगाहर्ट्झच्या एका आवर्तनाला १०० नॅनोसेकंद लागतात. एका सेकंदात कला केवळ १० पिकोसेकंद सरकली, तरी ती दहा हजार कोटींत एक एवढी चूक ठरते, म्हणजे अणूने कष्टाने मिळवून दिलेली अचूकता तारेच्या जोडणीतच सांडते.

वितरण ॲम्प्लिफायर हे टाळतो. त्यात प्रत्येक वाटेला स्वतंत्र बफर, म्हणजे एका वाटेचा परिणाम दुसरीवर होऊ न देणारे मंडल, असतो, त्याच्या पुढे ५० ओहमचा रोधक असतो, आणि त्या रोधकामुळे अर्धे होणारे व्होल्टेज भरून काढण्यासाठी बफरचा गेन (व्होल्टेज वाढवण्याची पट) दोन ठेवलेला असतो. प्रत्येक वाटेवर छोटा ट्रान्सफॉर्मर घालावाच, असे मी आग्रहाने सांगेन. त्याने उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार होणारे वेटोळे तुटते आणि विजेची ५० हर्ट्झची गुणगुण लहरीवर चढत नाही. हा ॲम्प्लिफायर गरम तळपट्टीपासून दूर ठेवावा, कारण तापमानाबरोबर त्याची कलाही सरकते. केबलची लांबी मात्र फारशी सतावत नाही: नेहमीच्या को-ॲक्सिअल केबलमध्ये दर मीटरला ५ नॅनोसेकंदांचा उशीर होतो, पण तो स्थिर असल्याने वारंवारता बदलत नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत हीच वाटणी कितीतरी मोठ्या प्रमाणावर चालते; तेथे संदर्भ लहर प्रकाशतंतूंमधून ३० अँटेनांपर्यंत नेली जाते.

रुबिडियम हे प्राथमिक मानक, म्हणजे दुसऱ्या कशाशी न ताडताही अचूक धरता येईल असे मानक, नव्हे. कुपीत भरलेल्या इतर वायूंमुळे अणूची वारंवारता थोडी ढळते आणि प्रत्येक कुपीत हा ढळ वेगळा असतो. म्हणून मॉड्यूल जीपीएसच्या दर सेकंदाच्या स्पंदाशी ताडून पाहावे लागते. स्पंदाच्या तुलनेत एक पूर्ण आवर्तन सरकायला १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागले, तर चूक दहा हजार कोटींत एक आहे. जीपीएसचा स्पंद स्वतःच काही नॅनोसेकंद थरथरतो, तेव्हा निदान एक दिवसभर नोंदी घेऊन मगच वारंवारता किंचित सरकवणारा, कुपीभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राचा स्क्रू अगदी थोडा फिरवावा, आणि पुन्हा दिवसभर थांबावे.