हवाईचा ओओ हनीईटर नव्हता

हवाई बेटांवरचा, आता नामशेष झालेला ओओ हा ऑस्ट्रेलियातील हनीईटर पक्ष्यांचा भाऊबंद होता, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो. हा समज स्वाभाविकच आहे. बाकदार चोच आणि मकरंद टिपणारी कुंचल्यासारखी जीभ पाहून पक्षितज्ज्ञांनीही त्याला हनीईटरांच्या मेलिफॅजिडी कुळातच ठेवले होते. मात्र २००८ मध्ये, संग्रहालयांत जतन केलेल्या कातड्यांतील डीएनएच्या अभ्यासातून, त्याचे जवळचे नाते वॅक्सविंग या फळे खाणाऱ्या पक्ष्यांशी असल्याचे दिसले आणि ओओ व किओया (हवाईचाच आणखी एक नामशेष पक्षी) यांच्यासाठी मोहोइडी हे स्वतंत्र कुळ मांडले गेले. मकरंदावर जगताना अशी चोच आणि जीभ निरनिराळ्या वंशांत स्वतंत्रपणे घडते. आपल्याकडचा शिंजीरही हनीईटर नाही. हवाईतील कौआई बेटावरच्या ओओचे मोहो ब्रॅकॅटस हे शास्त्रीय नाव मात्र बदललेले नाही, म्हणून पडताळताना अद्ययावत जागतिक पक्षिसूचीत ते कोणत्या कुळाखाली आहे, हे पाहावे.